पडद्यावरच्या दोन पिशव्या

आमच्याकडे वाईट बातमी सरळ सांगत नाहीत. आजोबा वारले तेव्हा वडील सेनगावच्या बाजारात मिरच्या घेत होते. त्यांना आणायला आमच्या गावाहून, साखऱ्याहून, शेजारी गेला, तो म्हणाला, "म्हाताऱ्याला जरा बरं न्हाई, चला." वडिलांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मिरच्या होत्या तिथंच ठेवल्या आणि जीपमध्ये जाऊन बसले. त्यांना कळलं होतं. तरी गाव येईपर्यंत दोघं आजोबांच्या औषधपाण्याबद्दलच बोलत आले, असं वडील सांगायचे.

लहानपणी मला ही रीत फार मायेची वाटायची. आता तिचा राग येतो. का येतो, ते सांगायचं म्हणजे दवाखान्यातल्या कॉम्प्युटरपासून सुरुवात करावी लागेल.

हिंगोलीत कॉम्प्युटरचा कोर्स करून मी सेनगावला एका खाजगी दवाखान्यात नोकरीला लागलो. दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. दवाखाना एका डॉक्टरीणबाईंचा होता, त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. मशीन आलं त्या दिवशी कंपाउंडरने त्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला आणि नारळाचं पाणी कीबोर्डवर सांडलं. मॅडम त्याला अशा बोलल्या की तो पुढं कितीतरी दिवस त्या खोलीत पाय ठेवायला भीत होता. मी मात्र तिथला राजा होतो. माझ्याशिवाय कोणी त्या मशीनला हात लावायचा नाही, आणि मलाही ते मनातून आवडायचं.

त्या मशीनचं मुख्य काम रक्ताचं. बाळंतपणात कधी कोणाला रक्त लागेल याचा नेम नसतो आणि रक्तपेढी हिंगोलीला. आधी फोन करून विचारावं लागे. फोन लागायचा नाही, लागला तर उचलायचे नाहीत, उचलला तर "थांबा, बघून सांगतो" म्हणून रिसीव्हर टेबलावर ठेवून माणूस गायब. मग हिंगोलीतल्याच माझ्या एका मित्राने, माझ्याबरोबर कोर्स केलेल्या, एक वेब ॲप्लिकेशन बनवलं. कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते रक्तपेढीत भरायचं आणि तालुक्याच्या दवाखान्यांनी आपापल्या पडद्यावर पाहायचं. साधं काम होतं, पण तेव्हा ते जादूसारखं वाटलं.

अडचण एकच, टेलिफोनची लाइन. इंटरनेट त्याच तारेवरून यायचं. मोडेम किंचाळायचं, जोडलं जायचं, मध्येच तुटायचं. पान उघडायला इतका वेळ लागायचा की मॅडम म्हणायच्या, "तोपर्यंत मी चालत जाऊन पाहून येते." मित्राने त्यावर तोड काढली. सर्व्हरकडून एकदा आलेलं उत्तर आमच्याच मशीनमध्ये साठवून ठेवायचं. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हिंगोलीला न जाता ते साठवलेलंच दाखवायचं. लाइन चालू असेल तेव्हा मशीन मागच्या मागे पुन्हा विचारणार आणि आकडा बदलला असेल तर बदलणार. लाइन बंद असेल तर जुनंच राहू देणार. या प्रकाराला कॅशे म्हणतात हे मला त्याने शिकवलं.

सगळे खूश झाले. बटण दाबलं की पान हजर. खरं सांगायचं तर त्या अकलेचं मला आजही कौतुक आहे. आपल्या घरात धान्य भरलेलं असलं तर कोण रोज बाजारात जातं? फक्त, आधी लाइन बंद असली की "पान उघडता येत नाही" असं यायचं आणि आम्ही चडफडत फोनकडे वळायचो. आता पान कधीच न उघडता राहात नव्हतं. लाइन मेलेली असली तरी तेवढ्याच तत्परतेने उघडायचं. न उघडणारं पान निदान खरं बोलत होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मित्राच्या डोक्यात आलं होतं. त्याने आकड्यांखाली बारीक अक्षरात एक ओळ ठेवली होती, ही माहिती केव्हा घेतलेली आहे ते सांगणारी. आणि त्या ओळीपायीच तमाशा झाला. एका म्हाताऱ्याच्या सुनेला रक्त लागणार होतं. मी पडदा त्याच्याकडे वळवून पिशव्या दाखवल्या. त्याच्याबरोबरच्या शिकलेल्या भाच्याने ती ओळ वाचली आणि मोठ्याने म्हणाला, "हे तर सकाळचं हाय!" म्हातारा तिथंच खाली बसला. "सकाळचं काहून दाखवून राहिले मला? आताचं सांगा! आता न्हाई म्हनून दाखवत न्हाईत तुमी!" त्याने जो आक्रोश मांडला, तो बाजारापर्यंत गेला असेल. रक्त होतं, मिळालं, सून चांगली झाली. पण मॅडमनी मित्राला बोलावून घेतलं.

"ती ओळ काढून टाक," त्या म्हणाल्या. "आधीच माणसाचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्याला कशाला आणखी घोर?"

"मॅडम, ओळ काढली तर ताजं कोणतं आन् शिळं कोणतं, कसं कळंल?"

"आपल्याला कळतंय ना? त्यांना कळून काय करायचंय?"

मित्र माझ्याकडे पाहू लागला. मॅडमचं मला बरोबरच वाटत होतं. आमच्याकडे संकटातल्या माणसाला अर्धवट, शंकेची गोष्ट सांगणं म्हणजे निर्दयपणा. त्याला धीर द्यायचा, बाकीचं आपल्या पोटात ठेवायचं. मित्राने ओळ काढली. त्यांच्यासाठी काढली म्हणजे आमच्यासाठीही गेलीच, कारण पडदा एकच होता.

त्याच वर्षी माझी मोठी बहीण, अक्का, पहिल्या बाळंतपणासाठी साखऱ्याला माहेरी आली. अक्का माझ्यापेक्षा मोठी आणि तोंडाने फटकळ. मी दवाखान्यातल्या गप्पा सांगायला लागलो की ती म्हणायची, "मशीनला इचारल्याबिगर पानी तरी पितोस का रे तू?" तिची नाव-नोंदणी मी आमच्याच दवाखान्यात केली. तपासणीत तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह निघाला, क्वचित सापडणारा. वडील तोवर वारले होते; माझा जुळत नव्हता, मायचा नाही, दाजींचाही नाही. मॅडम म्हणाल्या, काळजीचं कारण नाही, फक्त लक्ष ठेवू.

लक्ष ठेवायचं काम माझं. रोज सकाळी आल्याबरोबर मी पहिलं तेच पान उघडायचो. ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या. पिशव्या आधीपासून अडवून ठेवता येत नसत, ज्याला आधी लागेल त्याला जात. पण कित्येक दिवस तो दोनचा आकडा हलला नाही. घरी गेल्यावर मी अक्काला सांगायचो, "दोन हायेत."

"मंग तुझ्या मशीनला म्हनावं दिवसबी तूच सांग," ती हसायची. "ते सांगंल तवा होते मी बाळंत."

बाजाराच्या दिवशी सकाळी तिला कळा सुरू झाल्या. माय आणि दाजी तिला जीपने घेऊन आले. मी कामावर येऊन पान उघडलं होतं, दोन पिशव्या. दुपारच्या आधी मुलगी झाली. मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या, "मामा झालास." माय पदराने डोळे पुसत होती आणि दाजी पेढे आणायला निघालेच होते, तेवढ्यात मॅडमनी आतून मला हाक मारली. त्यांचा आवाज वेगळा होता. रक्त थांबत नव्हतं.

त्यांनी जे करायचं ते सगळं केलं. सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली, स्वतः पोट दाबून धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हिला हलवता येणार नाही. रक्त आणायला लागेल. बघ."

मी धावत कॉम्प्युटरकडे गेलो. पान क्षणात उघडलं. दोन. मी पडदा दाजींकडे वळवला. दाजी फारसे शिकलेले नव्हते, पण आकडा कोणालाही वाचता येतो. "दोन हायेत," मी म्हणालो. मॅडमची चिठ्ठी आणि रक्ताचा नमुना घेऊन ते पळतच गेले. बाजारामुळे जीपवाले जागचे हलायला तयार नव्हते. एकाला त्यांनी हात जोडले, त्याने बसलेल्या बाया उतरवल्या आणि जीप हिंगोलीच्या रस्त्याला लागली. त्या वेळी फोन उचलून विचारावं, असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. पान उघडत होतं ना, मग फोन कशाला?

जीप गेल्यावर मी फोन उचलला, तोही पिशव्या तयार ठेवा एवढं सांगायला. फोन मुका होता. टिकटिक केलं, तार हलवून पाहिली. समोरच्या एसटीडी बूथवर पळालो. बूथवाला बाहेर खुर्ची टाकून बसला होता. तो म्हणाला, "सकाळपासून मेलाय फोन. नालीचं खोदकाम चालू हाय, केबल तोडली भाड्यांनी."

सकाळपासून. म्हणजे पडद्यावरचा दोनचा आकडा आजचाही नव्हता. कालचा होता. सकाळी मी पाहिला तोही कालचाच होता आणि तो पाहून मी मजेत चहा प्यायलो होतो. शिळ्या भाकरीला हात लावला तरी कळतं, त्या आकड्याला काहीच नव्हतं. ताज्यासारखाच दिसत होता. मी परत येऊन पडद्यासमोर बसलो. कालची पिशवी आज असू शकते, इतके दिवस होत्या तर आजच कशाला जातील, असं स्वतःला समजावत बसलो. आत मॅडम काहीतरी मागत होत्या, कंपाउंडर धावत होता. बाहेरच्या बाकावर माय बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

मग मोडेम किंचाळलं. लाइन आली होती. मशीनने त्याच्या नियमाप्रमाणे मागच्या मागे हिंगोलीला विचारलं. मी काहीही दाबलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर दोनचा शून्य झाला.

मी इंटरनेट तोडून रक्तपेढीला फोन लावला. तिथला माणूस भला होता. म्हणाला, "दोन्ही पिशव्या सकाळीच अपघाताच्या पेशंटला गेल्या. आम्ही मशीनमध्ये भरलंय की." भरलं होतंच. चूक त्याची नव्हती. मग मी नरसीला लावला. हिंगोलीच्या रस्त्यावर फाट्याजवळ ओळखीच्या माणसाचं दुकान होतं, त्याच्याकडे फोन होता. "सेनगावची जीप थांबव," मी ओरडलो, "आमचे दाजी हायेत तिच्यात, हिंगोलीला रगत न्हाई म्हनावं." तो रस्त्यावर जाऊन आला. "अरे, जीप तर मघाच गेली. लई जोरात होती." रक्तपेढीच्या त्या माणसाने तोवर विचारपूस करून उलट फोन केला. वाशीमला एक पिशवी होती. वाशीम उलट्या दिशेला, रिसोडवरून. कंपाउंडर मोटारसायकलला किक मारून निघाला, तेव्हा जीप जाऊन कितीतरी वेळ झाला होता. दाजी तोवर आमच्यापासून आणि रक्तापासून दूर दूर चालले होते.

मी मॅडमना बाहेरच्या बोळात बोलावून सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "तिला काही बोलू नकोस. धीर सोडेल." आणि मला आत पाठवलं, कारण अक्का मला हाका मारत होती.

अक्काचा चेहरा पांढरा पडला होता. ओठसुद्धा. मी उशाशी बसलो, तिने माझं मनगट धरलं. बोटं गार होती.

"निघालं का रे रगत?"

"निघालं," मी म्हणालो. "दाजी गेलेत. दोन पिशव्या हायेत. येऊनच राहिले."

"पाहिलंस तू?"

"पाहिलं."

"मशीनवर?"

"व्हय."

"मंग हाय बराबर," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. रोज माझी टर उडवणारी अक्का, त्या दिवशी तिने माझ्या मशीनवर विश्वास ठेवला. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मला उत्तरासाठी थांबावंही लागत नव्हतं. ते तोंडात तयारच होतं, कालचं.

मग ती म्हणाली, "माय उपाशी हाय सकाळपासून. तिला सांग रगत येऊन राहिलं म्हनून. भाकर खाऊन घे म्हनावं."

मी बाहेर गेलो. मायने माझ्या तोंडाकडे पाहिलं. वडिलांनी त्या शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं होतं तसंच. पण मी एव्हाना तरबेज झालो होतो. सांगितलं, "दाजी निघालेत हिंगोलीहून, दोन पिशव्या घेऊन. अक्का म्हनती, तू भाकर खाऊन घे." मायला ते खरं वाटलं. तिने बाळ माझ्याकडे दिलं, फडकं सोडलं आणि ठेचा लावून भाकरी खाऊ लागली. खरंच भूक लागली होती तिला. मी भाचीला हातात घेऊन उभा होतो आणि माझी आई जेवत होती. तिचा अर्धा घास तोंडात असताना मॅडम दारात आल्या. नुसत्या उभ्या राहिल्या.

आधी दाजी आले, रिकाम्या हाताने. मला पाहताच म्हणाले, "न्हाई म्हनले ते. दुसरीकडून मागवलं का?" त्यांच्या मागून, दिवस कलल्यावर, कंपाउंडर थर्माकोलचा डबा छातीशी धरून आला. त्यात एक पिशवी होती. पहिल्यांदाच वाशीमला गेलो असतो तर काय झालं असतं, हे त्या दिवशी कोणी बोललं नाही आणि नंतरही नाही. आमच्याकडे तसलं बोलत नाहीत.

मित्राने दुसऱ्याच दिवशी येऊन ती ओळ परत घातली, या वेळी मोठ्या लाल अक्षरात. मॅडम मान खाली घालून बसल्या होत्या. मला त्यांचा राग आला होता. पण त्या बाईने त्या दुपारी हात भरून येईपर्यंत माझी बहीण धरून ठेवली होती. राग कोणावर काढावा हेच कळेना. मग तो त्या मायेच्या रीतीवर जाऊन बसला, आणि तिथून तो हललेला नाही. पुढं मी हेच काम करत राहिलो, हिंगोलीत छोट्या संस्थांना अशीच पानं करून देत. एखादा म्हणाला की ती वेळेची ओळ काढा, गिऱ्हाईक बिचकतं, की माझं डोकं फिरतं. दोन कामं मी त्यापायी घालवली. लोक मला विक्षिप्त म्हणतात, म्हणोत.

भाची साखऱ्याला मायजवळच वाढली. मायने मला कधी काही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून तिने ठेच्याला हात लावला नाही, आणि तिला एक सवय लागली. कोणतीही गोष्ट सांगा, पाऊस, एसटी, कोणाची तब्येत, ती आधी केव्हाचं ते विचारते. गावातली माणसं हसतात, म्हातारी चळली म्हणतात. मी बायको-पोरांसह हिंगोलीला राहतो, तिथून रोज संध्याकाळी फोन करतो.

"आमी सगळे बरे हाओत, माय," मी म्हणतो.

"हे कवाचं?" ती विचारते.

"आताचं," मी म्हणतो. मग ती म्हणते, "पोरांना दे फोन. मी त्यांनाच इचारते."